एक मायक्रोज्यूल कुठे गेला? दूरच्या त्रिमितीय चित्रणासाठी बनवलेल्या फायबर लेसरचं प्रकरण

एका लहान संशोधन गटाने दूरवरच्या वस्तूंचं त्रिमितीय चित्र घेण्यासाठी एक छोटेखानी फायबर लेसर, म्हणजे काचेच्या तंतूत प्रकाश वाढवणारा लेसर, बनवला. प्रयोगशाळेत त्याने सगळ्या चाचण्या पार केल्या. मैदानात नेल्यावर मात्र हिशेबाने जेवढा प्रकाश परत यायला हवा होता, त्याचा जेमतेम चौथा हिस्सा आला. असं का झालं, शोध कसा लागला, कोणते पर्याय तोलले गेले आणि शेवटी काय बदललं, याची ही नोंद आहे. गटाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. भौतिकीला धक्का लावलेला नाही.

पार्श्वभूमी

काम असं होतं: एक किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरची झाडी, खडक किंवा बांधकाम यांचं असं चित्र मिळवायचं, ज्यात प्रत्येक बिंदूचं अंतरही कळेल. तत्त्व सोपं आहे. प्रकाशाची एक अतिशय छोटी पल्स सोडायची, ती परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून अंतर काढायचं. एकापाठोपाठ असलेले दोन पृष्ठभाग, उदाहरणार्थ पानं आणि त्यांच्या मागची भिंत, वेगळे दिसायचे असतील तर पल्स आखूड हवी. १ नॅनोसेकंदाच्या पल्सने साधारण १५ सेंटिमीटरचा फरक ओळखता येतो, ५०० पिकोसेकंदाच्या पल्सने साडेसात सेंटिमीटरचा. गटाने ५०० पिकोसेकंद ठरवले. डिटेक्टरच्या स्वतःच्या वेळेतली अनिश्चितता काहीशे पिकोसेकंदांची असल्याने यापेक्षा आखूड पल्सचा फारसा उपयोग नव्हता.

कॅमेरा ३२ गुणिले ३२ पिक्सेलचा, एकेक फोटॉन मोजणारा. पुढे ५ सेंटिमीटर व्यासाचं भिंग आणि फक्त लेसरच्या आसपासचा रंग आत सोडणारा अरुंद फिल्टर. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या १ मायक्रोज्यूल पल्समध्ये सुमारे ७.८ लाख कोटी फोटॉन असतात. एवढी मोठी संख्या पाहून हायसं वाटतं, पण किलोमीटरभर जाऊन, दहा टक्के परावर्तन करणाऱ्या पृष्ठभागावर आपटून सगळ्या दिशांना विखुरल्यावर त्यातले पाचशेच्या आसपास फोटॉन भिंगापर्यंत पोचतात. हवा आणि काचा यांतून पार होऊन सव्वाशेच्या आत उरतात. ते १०२४ पिक्सेलमध्ये वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला एका पल्समागे ०.१२ फोटॉन येतो. डिटेक्टर त्यातला पाचवा हिस्सा पकडतो. म्हणजे शंभर पल्स सोडल्यावर एका पिक्सेलला दोन-तीन मोजण्या मिळणार. सेकंदाला एक लाख पल्स सोडल्या तर दोन हजारांवर मोजण्या होतात आणि तेवढ्यावर चित्र उत्तम उभं राहतं. मात्र या साखळीत कुठेही चौपट गळती झाली तर ती लपून राहत नाही. हा हिशेब गटाने पहिल्याच आठवड्यात मांडला होता, आणि पुढे त्याच हिशेबाने त्यांना वाचवलं.

वजन आणि विजेवर कडक मर्यादा होती. उपकरण फिरत्या डोक्यासह, म्हणजे वळणाऱ्या वरच्या भागासह, बसवायचं असल्याने मोठं टेबल, आरसे आणि पाण्याने थंड होणारा लेसर यांचा प्रश्नच नव्हता. फायबर लेसरची कल्पना जुनी आहे. एलियास स्निट्झर यांनी काचेच्या तंतूतला लेसर १९६१ मध्येच दाखवला होता. १९८७ च्या सुमारास अर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या फायबरचे ॲम्प्लिफायर, म्हणजे प्रकाश वाढवणारे भाग, आले आणि दूरसंचारासाठी १५५० नॅनोमीटरचे डायोड, जोडण्या, आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) असे एकाहून एक टिकाऊ भाग तयार होऊ लागले. गटाला हे सगळं आयतं मिळत होतं.

स्रोत कोणता घ्यायचा

तीन रस्ते समोर होते.

पहिला, १०६४ नॅनोमीटरचा छोटा मायक्रोचिप लेसर. हा काडेपेटीएवढ्या जागेत मावतो आणि काहीशे पिकोसेकंदांची मायक्रोज्यूल पल्स सहज देतो. पण ही तरंगलांबी डोळ्यातून थेट पडद्यापर्यंत जाते आणि डोळ्याचं भिंग ती एका बिंदूवर एकवटतं. १४०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो. म्हणूनच नॅनोसेकंद पल्ससाठी आयईसी ६०८२५-१ या लेसर-सुरक्षेच्या मानकातली १५५० ची मर्यादा १०६४ पेक्षा लाखांच्या पटीत सैल आहे. उघड्यावर, जिथे कोण कधी समोर येईल याचा भरवसा नाही, तिथे हा मुद्दा निर्णायक ठरला. शिवाय अशा लेसरची पल्स नेमकी कधी सुटेल हे आपल्या हातात नसतं.

दुसरा, मोड-लॉक केलेला फायबर ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक लयीत अखंड पल्स सोडणारा फायबर लेसर. पल्स पिकोसेकंदाची, वेळेची शिस्त अप्रतिम. पण तो सेकंदाला कोट्यवधी पल्स सोडतो. ४० मेगाहर्ट्झला दर पावणेचार मीटरला अंतराचा घोळ होतो, कारण परत आलेली पल्स कोणत्या फेरीची हे कळत नाही. मधल्या पल्स गाळायला वेगळी झडप लागते. आणि डिटेक्टरला पेलणार नाही एवढं बारीक मोजमाप विकत घेण्यात अर्थ नव्हता.

तिसरा, लहानसा सीड डायोड, म्हणजे सुरुवातीची दुबळी पल्स देणारा लेसर. विजेच्या आखूड झटक्याने त्यातून ५०० पिकोसेकंदाची पल्स काढायची आणि ती फायबर ॲम्प्लिफायरच्या दोन टप्प्यांतून वाढवायची. पल्स कधी आणि किती दराने सोडायची हे पूर्णपणे आपल्या हातात. सेकंदाला एक लाख पल्स म्हणजे दीड किलोमीटरपर्यंत अंतराचा घोळ नाही. गटाने हाच रस्ता घेतला, आणि माझ्या मते तो बरोबर होता. पुढे जे झालं त्यामुळे हा निर्णय चुकीचा ठरत नाही.

या रस्त्याची किंमत मात्र निवड करतानाच नीट पाहायला हवी. सीड डायोडच्या एका पल्समध्ये सुमारे २० पिकोज्यूल ऊर्जा. तिचे १ मायक्रोज्यूल करायचे तर पन्नास हजार पट वाढ हवी. सेकंदाला एक लाख पल्स असूनही सीडची सरासरी शक्ती फक्त २ मायक्रोवॅट. म्हणजे ॲम्प्लिफायर दर सेकंदातला बहुतांश वेळ, अगदी ९९.९९५ टक्के, पल्सची वाट पाहत बसलेला असतो. पंप डायोड त्याला अखंड ऊर्जा पुरवत असतो. अर्बियमचे उत्तेजित अणू सुमारे १० मिलिसेकंद ती धरून ठेवू शकतात, पण काही अणू मधेच आपणहून प्रकाश सोडतात आणि तो प्रकाशही त्याच फायबरमध्ये वाढत जातो. यालाच एएसई म्हणतात. तो पल्ससारखा आखूड नसतो, अखंड वाहतो. आणि त्याचा रंगही एकच नसतो, तीसेक नॅनोमीटरच्या पट्ट्यावर पसरलेला असतो.

प्रयोगशाळेतलं यश

दोन टप्प्यांचा ॲम्प्लिफायर तयार झाला. पॉवर मीटरने १०० मिलिवॅट दाखवले. त्याला एक लाखाने भागलं की बरोबर १ मायक्रोज्यूल. वेगवान फोटोडायोड लावून ऑसिलोस्कोपवर पाहिलं, तर स्वच्छ, एकशिंगी, ५०० पिकोसेकंदाची पल्स. तिच्या आगेमागे रेषा सपाट. अहवाल लिहिला गेला, पेटी बंद झाली. पेटी फिरत्या डोक्यापासून दूर, खाली ठेवायची असल्याने तीन मीटर साधं फायबर जोडून प्रकाश वर नेला आणि तिथे कोलिमेटर, म्हणजे प्रकाशाचा समांतर झोत करणारं भिंग, बसवला.

ती सपाट रेषा इथे जरा थांबून बघण्यासारखी आहे. पल्सच्या शिखराची शक्ती हजार वॅटच्या पुढची. समजा तिच्या पायथ्याशी ४० मिलिवॅटचा अखंड प्रकाश वाहतोय. शिखर पडद्यावर पूर्ण मावेल असं ठेवलं, तर हा प्रकाश शिखराच्या तीस हजाराव्या भागाएवढा, म्हणजे रेषेच्या जाडीतच विरून जाणारा. पण तो वाहतो दहा मायक्रोसेकंद, पल्स मात्र अर्धा नॅनोसेकंद. सरासरी काढणाऱ्या मीटरच्या लेखी दोघांचं वजन जवळपास सारखंच. म्हणजे ऑसिलोस्कोपला जे दिसत नाही ते मीटर मोजतो, आणि काय मोजलं हे सांगत नाही. खडे न निवडता धान्य तोलावं, तसं हे झालं.

अडचण

मैदानात शंभर मीटरवर चित्र छान आलं. तिथे प्रकाश मुळातच शंभरपट जास्त असतो, त्यामुळे काही गळतंय हे कळायला वाव नव्हता. आठशे मीटरवर चित्र फाटकं निघालं. मोजण्या हिशेबाच्या पाव पट.

पहिला संशय हवेवर गेला, मग भिंगाच्या जुळणीवर. दोन्ही संशय रास्त होते आणि दोन्ही तपासायलाच हवे होते. पण त्यात फार वेळ गेला, कारण जुळणी थोडी सुधारली की मोजण्याही थोड्या वाढत आणि आपण योग्य दिशेने चाललोय असं वाटे. निर्मळ हवेच्या रात्रीही आकडा पाव पटीपाशीच अडला, तेव्हा हवेचा मुद्दा निकालात निघाला.

मग कुणीतरी पंपचा प्रवाह वाढवून पाहिला. मीटरवरचा आकडा १०० वरून १३० मिलिवॅटवर गेला. परत येणाऱ्या मोजण्या वाढल्या नाहीत, उलट किंचित घटल्या. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच, असं मला वाटतं. गळती हवेत किंवा भिंगात असती तर शक्ती वाढवल्यावर मोजण्या त्याच प्रमाणात वाढल्या असत्या. वाढवल्यावर घटतं ते काहीतरी रेषीय नसलेलं, म्हणजे शक्तीच्या प्रमाणात न चालणारं, असतं, आणि तसं घडायला जागा एकच होती: फायबर.

त्या रात्री गटप्रमुखांनी लेसर सांभाळणाऱ्या अभियंत्याला सांगितलं, "मीटर काय म्हणतोय ते राहू द्या. कॅमेऱ्यापुढे जो फिल्टर आहे, त्यातून किती जातं तेवढं दाखवा."

शोध

दोन तपासण्या झाल्या आणि दोन्हींनी वेगवेगळा दोष दाखवला.

पहिली कॅमेऱ्यानेच. शंभर मीटरवर एक पांढरा फळा उभा केला. अंधारात, डिटेक्टरची वेळेची खिडकी फळ्यावरून परतणाऱ्या पल्सच्या बऱ्याच नंतर उघडेल अशी ठेवली. त्या खिडकीत लेसरचा एकही फोटॉन यायला नको होता. तरी लेसरसमोर पुठ्ठा धरला की मोजण्या कमी व्हायच्या, काढला की वाढायच्या. पल्सखेरीजही लेसर सतत काहीतरी ओकत होता, याचा हा सरळ पुरावा. किलोमीटरवर ही तपासणी केली असती तर एवढा क्षीण प्रकाश डिटेक्टरच्या स्वतःच्या खोट्या मोजण्यांत बुडून गेला असता. फळा जवळ घेतला हे चांगलं केलं.

दुसरी तपासणी स्पेक्ट्रम ॲनालायझरने, म्हणजे कोणत्या रंगात किती प्रकाश आहे ते दाखवणाऱ्या यंत्राने, दोन जागी. ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी १५५० वर टोकदार शिखर दिसलं, खाली एएसईचा पसरट उंचवटा, आणि शिखराच्या दोन्ही बाजूंना सोळाएक नॅनोमीटरवर बारीक खांदे. तीन मीटर फायबरच्या टोकाशी ते खांदे डोंगर झाले होते आणि मधलं शिखर खचलं होतं. कॅमेऱ्यापुढचा फिल्टर २ नॅनोमीटर रुंदीचा. त्यातून पल्सची निम्म्याहून कमी ऊर्जा पार होत होती.

हे खांदे अचानक उगवत नाहीत. साध्या दूरसंचार फायबरचं वर्णविक्षेपण (रंगागणिक प्रकाशाचा वेग बदलणं) १५५० नॅनोमीटरला असं असतं की तीव्र प्रकाश स्वतःच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक रंगांना ऊर्जा वाटू लागतो. याला मॉड्युलेशनल अस्थिरता म्हणतात. ती किती लांबीत जोर धरते हे काढता येतं. अशा फायबरचा अरेषीय गुणांक किलोमीटर-वॅटला सुमारे १.३. शिखर शक्ती १.२ किलोवॅट धरली तर एक 'अरेषीय लांबी', म्हणजे हा परिणाम जाणवू लागायला लागणारं अंतर, होते ६५ सेंटिमीटरच्या आसपास. तीन मीटर म्हणजे अशा जवळपास पाच लांब्या. इतक्यात बाजूच्या रंगांची वाढ हजारोंच्या पटीत होते.

मात्र वाढायला आधी बीज लागतं. बाजूचे रंग पूर्ण अंधारातून वाढायचे असते तर तीन मीटरमध्ये एवढे फोफावले नसते. ते बीज एएसईने पुरवलं. तिचा पसरट उंचवटा नेमका त्याच रंगांवर होता. म्हणजे दोन दोष सुटेसुटे नव्हते. एएसई मीटरवरचा आकडा फुगवत होती आणि त्याच वेळी उरलेल्या खऱ्या पल्सला फोडायला हातभारही लावत होती. पंप वाढवला की बीजही वाढे आणि वाढीचा दरही. मैदानातली ती उलटी घट यामुळे होती.

आता हिशेब जुळला. १०० मिलिवॅटपैकी पल्समध्ये साधारण ६०. त्यातले फिल्टरच्या पट्ट्यात चाळीसेक टक्के. राहिले चोवीस, म्हणजे चौथा हिस्सा.

काय करता येईल

कॅमेऱ्याचा फिल्टर रुंद करणं सर्वांत सोपं होतं. रात्रीसाठी चाललंही असतं. दिवसा मात्र फिल्टर जेवढा रुंद तेवढं ऊनही आत येणार, आणि बाजूचे खांदे पकडायला तो वीसपट रुंद करावा लागला असता. हा पर्याय लगेच सोडला.

पल्स लांबवून १ नॅनोसेकंद करण्यावर खरी चर्चा झाली. त्याच ऊर्जेला शिखर शक्ती निम्मी होते आणि अस्थिरता एकदम शांत होते. त्यासाठी एकही भाग बदलावा लागत नाही, सीड डायोडच्या चालकातला एक आकडा बदलला की झालं. आड आली ती गरज. पानांमागची भिंत वेगळी दाखवायची तर साडेसातचे पंधरा सेंटिमीटर परवडणार नव्हते. ज्यांना फक्त उघड्या पृष्ठभागाचं अंतर हवंय, त्यांनी या जागी बिनदिक्कत १ नॅनोसेकंद घ्यावा.

पल्सचा दर वाढवून प्रत्येक पल्सची ऊर्जा कमी करणं हा तिसरा विचार. फोटॉन मोजून चित्र उभारताना एका पल्सच्या दिमाखापेक्षा एकूण उपयोगी फोटॉन महत्त्वाचे. दर वाढला की सीडची सरासरी वाढते, ॲम्प्लिफायरचा रिकामा वेळ घटतो, एएसई आपोआप कमी होते. पण २५० किलोहर्ट्झला घोळाची हद्द ६०० मीटरवर येते. १५० किलोहर्ट्झला बरोबर एक किलोमीटर, आणि कॅमेऱ्याच्या फ्रेम-दरालाही तेवढंच झेपत होतं. हा पर्याय राखून ठेवला.

उरला ॲम्प्लिफायरच बदलणं. खर्चिक, वेळखाऊ, पण दोष जिथे होता तिथेच हात घालणारा.

काय केलं, आणि कोणत्या क्रमाने

क्रमावरून गटात मतभेद होते. एकदम सगळं नवं बांधू, असं काहींचं म्हणणं. प्रमुखांचा आग्रह होता की एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर एकच राशी मोजायची: पल्सच्या वेळेत आणि फिल्टरच्या पट्ट्यात असलेली ऊर्जा. हा आग्रह मला या कामातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. सगळं एकत्र बदललं असतं तर कशाने किती फरक पडला हे कधीच कळलं नसतं.

ती राशी मोजायची रीतही बसवावी लागली. लेसरच्या तोंडाशीच एक टक्का प्रकाश वेगळा काढला. क्षीण असल्याने तो पुढच्या फायबरमध्ये नवी गडबड करू शकत नव्हता. त्यापुढे कॅमेऱ्यापुढच्यासारखाच फिल्टर, मग ध्वनीलहरींवर चालणारी प्रकाशाची झडप आणि शेवटी मीटर. झडप एकदा पल्सच्या वेळी शंभर नॅनोसेकंद उघडायची, मग पल्स टाळून तेवढाच वेळ. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पल्स.

पहिला बदल दोन टप्प्यांच्या मधला. पहिल्या टप्प्यानंतर सीडचे २ मायक्रोवॅट ४ मिलिवॅट होत होते, पण सोबत ३ मिलिवॅट एएसई येत होती आणि दुसरा टप्पा दोघांना सारख्याच मायेने वाढवत होता. मध्ये १ नॅनोमीटरचा फिल्टर बसवल्यावर एएसईचा तिसाव्या भागाएवढा तुकडा तेवढा पुढे गेला. तीन मीटर फायबर तसंच ठेवून मोजलं, तरी बाजूचे खांदे ठळकपणे खाली आले. बीज काढून घेतलं की पीक कमी येतं, याची ही स्वतंत्र खात्री.

दुसरा बदल तीन मीटर फायबर. ते छोटं करायचं तर शेवटचा टप्पा पेटीतून उचलून फिरत्या डोक्यावर नेणं भाग होतं. यांत्रिक भाग सांभाळणाऱ्यांचा याला विरोध होता, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं: डोक्यावर वजन वाढणार, उष्णता वाढणार, हलताना फायबरच्या जोडांवर ताण येणार. शेवटी पंप डायोड खालीच ठेवून फक्त वर्धक फायबर आणि त्याचा कप्लर (पंप प्रकाश त्यात सोडणारा जोड) वर नेला. ९८० नॅनोमीटरचा पंप प्रकाश अखंड आणि सौम्य असल्याने तो लांब फायबरमधून निर्धोक वर जातो. पहिल्या टप्प्याची दुबळी पल्सही तशीच जाते. तीव्र पल्स जन्मते ती थेट कोलिमेटरच्या उंबऱ्यावर.

या टप्प्यावर हाताचं कौशल्य पणाला लागलं. कप्लर आणि कोलिमेटर दोघांच्या फायबर-शेपट्या मिळून मीटर-दीड मीटरच्या येतात. त्या कापून एकूण साठ सेंटिमीटरवर आणायच्या होत्या. शेपटी लांब असते तेव्हा सांधा बिघडला तरी कापून पुन्हा जोडता येतो. एवढी आखूड ठेवली की सांधायंत्रात फायबर धरायलाच जेमतेम जागा, आणि चुकायला एक-दोनच संधी. टेकू, क्लिव्हर (फायबर सरळ कापणारं हत्यार), सांधायंत्र यांची जागा आधी टाकाऊ फायबरवर आखून घेतली, मगच खऱ्या भागांना हात लावला.

तिसरा बदल शेवटच्या टप्प्यातला. फायबर जास्त अर्बियम असलेलं, आखूड आणि थोडं जाड गाभ्याचं घेतलं, आणि पंप पुढून नव्हे तर बाहेर पडण्याच्या टोकाकडून मागे सोडला. त्यामुळे पल्स शेवटच्या थोड्या लांबीतच मोठी होते, आणि तीव्र अवस्थेत तिला कमी प्रवास करावा लागतो. आणखी एक फायदा सुरक्षिततेचा: न वापरलेला ९८० चा पंप प्रकाश आतल्या दिशेला जातो. तो बाहेर पडला असता तर १५५० निवडून डोळ्यांची जी काळजी घेतली होती ती वाया गेली असती. अर्बियमसोबत यटर्बियम असलेलं फायबरही विचारात होतं, पण त्यात १ मायक्रोमीटरच्या आसपासचा नको असलेला प्रकाश तयार होण्याचा धोका असतो, आणि १०० मिलिवॅटसाठी त्याची गरज नव्हती.

ध्वनीलहरींची झडप टप्प्यांमध्ये कायमची बसवावी का? तिने पल्समधल्या वेळेची एएसई जवळपास संपली असती. पण तिच्या चालकाला काही वॅट वीज लागते. फिल्टरने बहुतेक काम झालं होतं, म्हणून झडप मोजणीच्या टेबलावरच ठेवली.

बदलातून उभी राहिलेली नवी अडचण

अरुंद फिल्टर फुकट मिळत नाही. सीड डायोडची तरंगलांबी अंशाला सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकते. पेटी पाच-सहा अंशांनी तापली की सीड १ नॅनोमीटरच्या खिडकीबाहेर जायला लागतो. तसं झालं तर नुसती शक्ती कमी होत नाही. दुसऱ्या टप्प्याला पल्सच मिळत नाही, पंप मात्र चालू असतो. साठलेली ऊर्जा मग एखाद्या बेसुमार, आपोआप सुटलेल्या पल्समध्ये मोकळी होऊ शकते आणि फायबरचं टोक, आयसोलेटर यांना जाळू शकते.

म्हणून दोन गोष्टी वाढवल्या. सीड डायोडचं तापमान काटेकोर राखणारी व्यवस्था. आणि फिल्टरनंतर एक टक्का प्रकाशावर नजर ठेवणारा साधा परिपथ, जो पल्स थांबल्याबरोबर पंप तोडतो. अर्बियममध्ये ऊर्जा साठायला मिलिसेकंद लागतात, परिपथ त्याच्या कितीतरी आधी काम करतो. हा परिपथ पहिल्या दिवसापासून असायला हवा होता, कारण सीडची वायर सुटणं हा धोका फिल्टर नसतानाही होताच.

फलित

बदलांनंतर मीटरवर पूर्वीपेक्षा कमी आकडा होता, ८५ मिलिवॅटच्या आसपास. त्यातला नव्वद टक्क्यांच्या वर भाग पल्समध्ये आणि फिल्टरच्या पट्ट्यात होता. आठशे मीटरवरचं चित्र हिशेबाच्या जवळ आलं. पानं आणि त्यांमागचा पृष्ठभाग वेगवेगळे दिसू लागले. नंतर दर १५० किलोहर्ट्झवर नेला, तेव्हा एकाच लक्ष्यावर लागणारा वेळ आणखी कमी झाला.

सगळं साधलं असं नाही. डोक्याचं वजन ठरवल्यापेक्षा वाढलं आणि फिरण्याचा वेग थोडा कमी करावा लागला. ओल्या पृष्ठभागांवर चित्र अजूनही कमजोर येतं, कारण १५५० च्या आसपास पाणी प्रकाश शोषतं आणि भिजलेला दगड या तरंगलांबीला कोरड्यापेक्षा बराच काळा दिसतो. धुक्यात तर फारशी आशाच नाही. लेसर कितीही सुधारला तरी या दोन गोष्टी त्याच्या हातच्या नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

गरजेच्या कागदावर '१०० मिलिवॅट, ५०० पिकोसेकंद' असं लिहिलं होतं. तिथे 'कॅमेऱ्याच्या फिल्टरमधून, पल्सच्या वेळेत, कोलिमेटरच्या पुढे १ मायक्रोज्यूल' असं लिहिलं असतं तर पहिली पेटी प्रयोगशाळेतून बाहेरच पडली नसती. लेसर बनवणारे आणि कॅमेरा बसवणारे एकाच दालनात होते, तरी फिल्टरची रुंदी लेसरच्या बाजूला कुणाला ठाऊक नव्हती. तो आकडा दुसऱ्याच माणसाच्या वहीत होता.

चाचणी अंतिम लांबीच्या फायबरसह व्हायला हवी होती. तीन मीटर साधं फायबर म्हणजे नुसती नळी, असं समजून ते नंतर जोडलं गेलं. किलोवॅटच्या शिखराला साधं फायबर हाही लेसरचाच एक भाग असतो.

तिसऱ्या मुद्द्यावर गटात अजून एकमत नाही. काहींच्या मते सुरुवातच १५० किलोहर्ट्झने आणि जवळपास दोन-तृतीयांश ऊर्जेच्या पल्सने केली असती तर शेवटचा टप्पा डोक्यावर नेण्याची वेळ आली नसती, आणि वजनाचा प्रश्नही उभा राहिला नसता. इतरांचं म्हणणं, तीन मीटर फायबरमध्ये तेवढ्याही ऊर्जेने अस्थिरता पूर्ण टळली नसती. पहिली पेटी अजून शाबूत आहे. तिच्यात मधला फिल्टर घालून, तीन मीटर फायबर जोडून आणि दर वाढवून हीच मोजणी पुन्हा करायची तयारी चालू आहे. मला स्वतःला पहिलं मत जास्त पटतं, कारण बीजही कमी झालेलं असेल आणि शिखरही. पण आकडा येईपर्यंत ते मतच आहे.